मर्तिकवाली

मुलुंडच्या जयवंतकडे कुणी मरत नाही.
कड्यावरून उडी मारा, विष प्या, राक्षसाच्या आईवर जा,
खाली गवताची गंजी निघतेच.
सगळे त्याला ‘मावशी’ म्हणतात,
आणि रविवारी त्याच्या टेबलाला खुर्च्या कमी पडतात.

माहीमची शेरनाझ आवाजांची.
तिचा साधा कांदेवालासुद्धा खोकतो, घासाघीस करतो,
मेलेल्या बायकोची आठवण काढतो,
चार तास झाले तरी मंडळी बाजारातच.
कळव्याचा एक आहे, नाव घेत नाही.
त्याच्या गोष्टीत एक देखणा तलवारबाज असतो,
सगळ्या लढाया तोच जिंकतो.
आपण टाळ्या वाजवायच्या.

आणि मालाडला, ऑर्लेमच्या चर्चमागे,
शलाका प्रभुदेसाईच्या दातांच्या दवाखान्यात
शनिवारी शेवटचा पेशंट गेला की बसते ती मी.
मर्तिकवाली.
तीन वर्षांत एकोणीस जीव.
सुहृदने औषध कंपनीच्या कॅलेंडरवर फुल्या मारून
हिशेब ठेवलाय.
नवी पोरं येतात ती दोन कागद भरूनच,
पहिला गेला तर हाताशी दुसरा असावा.

खोटं कशाला बोलू, आवडायचं मला.
नाव व्हायला काहीतरी करावं लागतं
आणि मला आवाज काढता येत नाहीत.

पण माझा पडदा म्हणजे
फाइलचे दोन पुठ्ठे, चिकटपट्टीने जोडलेले.
त्यांच्यामागे काय चालायचं ते कुणी विचारलं नाही.

नॉर्बर्टकाकांना एल्रॉय घेऊन आला होता,
बाबा घरी टीव्हीशी भांडतात म्हणून.
काका वेफर्स आणायचे, कोपऱ्यात बसायचे,
खेळायचे नाहीत.
मग एल्रॉय हॅलिफॅक्सला गेला
आणि त्याचा कागद काकांनी पुढे चालवला:
पुलाचा राखणदार, डावा हात लाकडी,
अक्षर पोराचं, खाडाखोड बापाची.

दीड वर्षात अकरा वेळा मेला तो राखणदार.
फाशावर दोन यायचा, मी चौदा म्हणायचे.
‘थोडक्यात वाचलात, काका.’
आणि त्याच दमात शेजारच्या पोराला पुरायचे.

मार्चमधला शनिवार. पूल पेटलेला.
काकांनी वेफर्सची पिशवी बाजूला सारली.
‘पडदा काढ गो,’ म्हणाले.
‘छत्तीस वर्षं बेस्टमध्ये तिकिटं फाडली.
चिल्लर लपवताना बोटं कशी होतात, मला कळतं.’

दिलं तरी दान, पडलं तरी दान,
एकच शब्द आपल्याकडे.
मी दिलेलं त्यांनी दीड वर्ष गपचूप घेतलं.
आता पडलेलं हवं होतं.

पुठ्ठे आडवे केले.
शलाकाची प्लास्टिकची बत्तिशी त्या दिवशी ड्रॅगन होती,
वीस पैलूंचा फासा तिच्या अक्कलदाढेला आपटला,
फिरला,
चार.

सुहृदचा हात कॅलेंडरकडे गेला, परत आला.

काकांनी आधी फाशाचा फोटो काढला, मग कागदाचा.
तिकडे दुपार असणार, उत्तर लगेच आलं.
वाचून हसले. दाखवलं नाही.
कागद घडी करून खिशात,
जिथे सुट्टे पैसे ठेवायची सवय आहे तिथे.
‘आता कोरा दे एक.’
जादूगार, चोर, पुजारी, धनुर्धर,
सगळे चष्मा वर करून नीट वाचले
आणि धंद्याच्या रकान्यात लिहिलं: कंडक्टर.
असला धंदा नियमांत नाही.
मी काही बोलले नाही.

पुढच्या शनिवारी दारात एक मुलगी,
हातात दोन कागद, चपला काढू की नको अशी.
‘मर्तिकवाली तुम्हीच ना?’
मी तोंड उघडायच्या आत काकांनी
टेबलावर पेन्सिल टकटकवली.
‘हीच. चला, पुढे सरका,
मागे जागा करा.’